नासपतीला लागली नजर

नाही, नाही, चहा नंतर, आधी माझं ऐका! परसात एकुलती एक नासपती, माझ्या वडिलांनी कलम केलेली, अख्ख्या इसिक-कुलच्या काठावर तसलं गोड फळ नाही... आणि तिच्या पानांवर भगवे ठिपके! फळं अक्रोडाएवढी झाली की टपाटप खाली! मी बायकोला म्हटलं, "कालिपा, रोग पडलाय." तर म्हणते कशी, "रोग कसला? नजर लागलीय, दुसरं काय!"

आता नजरेवर आमच्याकडे उपाय एकच, डोंगरातल्या आर्चाच्या झुडपाची धुरी. फांदी हाताशी असावी म्हणून एक आर्चा परसात होतीच. तुम्हाला सांगतो, रोज संध्याकाळी पेटती फांदी घेऊन झाडाभोवती फिरलो, खोकलो, डोळे चोळले! शेजारचा ओरोझाली कुंपणावरून विचारतो, "काय हो, नासपती भाजताय की काय?" ठिपके हटेनात, तेव्हा बाईसाहेबांनी दुसरी आर्चा आणून नासपतीच्या कुशीत लावली. राखणीला! पुढच्या वर्षी ठिपके दुप्पट!

त्यातच हिवाळ्यात नारिनहून लेकीचा, आयजारकिनचा फोन. "बाबा, दिवस गेलेत. आपल्या नासपतीचे डोहाळे लागलेत, बाजारातली तोंडात धरवत नाही." लेकीचे पहिले डोहाळे हो! माझा जीव नुसता कासावीस.

बर्फ वितळल्याबरोबर झाडांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो. पाऊस नुकताच पडून गेलेला. बाई नासपतीकडे बघेचनात, थेट आर्चापाशी! फांद्यांवर भगवा, बुळबुळीत चिकटा लोंबत होता. म्हणाल्या, "काका, रोग हिच्यात राहतो आणि वाऱ्यावरून नासपतीवर जातो. या दोघींना एका परसात नांदवू नका. आर्चा लांब न्या, आणि कळ्या फुटायच्या आत नासपतीवर मोरचूद-चुन्याचं पाणी फवारा."

म्हणजे मी धुरी देत होतो ती रोगाच्या माहेरची! मी कालिपाकडे बघितलं. हिनं पदर सावरावा तसा रुमाल सावरला आणि म्हणाली, "मग आर्चालाच नजर लागलीय, दुसरं काय!"

बरं, परसातली आर्चा तोडली तर घरावर संकट येतं म्हणतात, मग तोडणार कोण? दोन्ही मुळांसकट उपटल्या, गाढवगाडीवर लादल्या, मेव्हण्याच्या कुरणापर्यंत चढलो... गाढव पुढून ओढतंय, मी मागून ढकलतोय, दोघांनाही घाम!

पण तुम्हाला सांगतो, यंदा पानं बघा! हिरवीगार, एक डाग नाही! काल लेक आली, तडक झाडाखाली गेली, कच्चीच फळं कराकरा खायला लागली, हनुवटीवरून रस... मी रडलो हो, लाज कसली त्यात?

तेवढ्यात जावईबापूंनी गाडीची डिकी उघडली. "बाबा, बाळाच्या पाळण्याला धुरी लागणार. माझी आई म्हणाली होती फांदी ने, मी म्हटलं फांदी काय, अख्खं झाडच नेऊ!"

आर्चा. मुळांसकट. टवटवीत.

जावयाची भेट, परत कशी करणार? नासपतीशेजारी लावलीसुद्धा त्यांनी, स्वतःच्या हातानं! कालिपा माझ्या कानात पुटपुटली, "नजर लागलीय, दुसरं काय!"

उद्या सकाळी ते निघाले की... असो. गाढवाला जास्तीचा चारा टाकून आलोय. आणा आता तो चहा.