माझं काय, कुठंबी टेकतो

...आन त्यो सोफा! सोफा कसला, चिखल त्यो, बसलो की रुतलोच, गुडघं पार छातीला. आता तुमीच सांगा, असल्या जागी मानसानं उठायचं कसं? बसा म्हणाले, मी म्हटलं, माझं काय, कुठंबी टेकतो... आन टेकलो.

तुमाला सांगतो, महाबळेश्वरचं लय बडं हाटेल. पोरानं नेलं, आमच्या इंद्रजितनं. पुण्यात कंपनीत हाय त्यो. त्याला लेक झाली, राणी, तवा आमची सुलाबाई दोन म्हयन्यांसाठी म्हणून नातीला सांभाळायला गेली, त्याला आता तीन वर्सं झाली! ती तिकडं नातीमागं, मी हिकडं वडूजला मेंढरांमागं. रोज सांजंला फोन. "जेवला का?" "जेवलो." संपलं बोलणं. मग मी काय तितं थंड हवा खायला गेलतो व्हय? हिच्याजवळ घटकाभर निवांत बसायचं व्हतं, बास. तिच्यासाठी नवी घोंगडीबी घेतलीती.

तर गाडीत पोरगा म्हणाला, "दादा, पुढं बसता?" माझं काय, कुठंबी टेकतो! ही मागं, नातीला मांडीवर घिऊन. तीन तास मान वळवून वळवून मान धरली.

हाटेलात शिरलो, तर एका पोरीनं कपाळाला टिळा लावला, गळ्यात माळ घातली, हातात हिरवं सरबत दिलं. मला वाटलं, आता अक्षताच टाकत्यात! पल्याड बघतो तर सुलाबाईच्याबी गळ्यात माळ. चाळीस वर्सांनी... तिनं बघितलं, मी बघितलं, आन पदर तोंडाला लावून हसली की वो. जीव कसा हलका झाला.

तेवढ्यात ती पोरगी गोड आवाजात, "सर, शेजारशेजारच्या दोन रूम आहेत, कोण कुठं राहणार?" सूनबाई पल्लवी लगीच म्हणाली, "आई, राणी आन मी, आमी तिघी एकीकडं, तुमी दोघं बापलेक एकीकडं. चालंल नव्हं, मामा?"

आता हितं बोलायचं व्हतं बघा! पण लेकासुनेदेखत आपलीच बायको मागायची कशी? कवा मागितलीया आमच्यात कुणी? सुलाबाई खाली फरशी बघाय लागली... मी छताचं झुंबर. आन तोंडातनं काय निघावं? "माझं काय, कुठंबी टेकतो."

खोलीत पलंग केवढा, शंभर मेंढरं बसतील! पोरगा आंघोळीला गेला. मी घोंगडी मांडीवर घिऊन बसलो, तर तितला फोन वाजला.

"जेवला का?"

"आगं, आत्ताच संगं जेवलो न्हवं?"

"व्हय... सवय झालीया." मग हळूच, "पिशवीत घोंगडी दिसली. कुणाला?"

"तुला."

"मग आणा की."

"पल्लवी हाय न्हवं तितं?"

"...हाय."

फोन ठेवला. मग भिंतीवर टकटक झालं. मी उठलो, पालथ्या बोटानं टकटक केलं. तिकडनं परत... मी भिंतीला कान लावून हुबा, खांद्यावर घोंगडी, एकटाच हसतोय, आन न्हाणीतनं पोरगा भायेर!

"दादा, भिंतीला का टेकलाय? पलंग हाय की एवढा!"

मी खांद्यावरची घोंगडी सावरली.

म्हटलं, "माझं काय रं... कुठंबी टेकतो."