दुसऱ्या भागातलं खेचर

...आणि वर घरचे मलाच विचारतात, वाचायची नसतात तर एवढी पुस्तकं आणतोस कशाला? आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. अहो, तिबेटवरची जुनी, दुर्मिळ पुस्तकं आहेत ती, प्रवास म्हणू नका, मठ म्हणू नका, राजे, लामा, याकच्या केसांचे तंबू, सगळं माझ्या कपाटात काचेमागं ओळीनं उभं आहे. दर रविवारी मऊ फडक्यानं पुसतो, कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या बदलतो, पावसाळी हवा असली की कपाट उघडत नाही आणि ऊन असलं की पडदा उघडत नाही... पण वाचायचं? वाचायला कोपऱ्यावर वाचनालय आहे ना. मी संग्राहक आहे, वाचक नाही.

तर तुम्हाला सांगतो, घोळ सुरू झाला तो आमच्या बाबांच्या खुब्यापासून. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, महिन्यात चालायला लागतील. बाबा म्हणाले, "ह्या वयात मी कुणाला सुरी लावू देणार नाही. मला घरी न्या." आणलं घरी, काय करता? डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "ह्या आठवड्यात झालं तर ठीक, नाहीतर अंथरुणातून उठायचे नाहीत ते." बाबा हट्टी नव्हते हो, घाबरले होते. पण जन्मात कधी "मला भीती वाटते" म्हणाला नाही तो माणूस, तो आता कसा म्हणणार? भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

मग आमच्या बायकोच्या डोक्यात आलं, ह्यांचं मन रमवू या. कशानं रमवावं? माझ्या कपाटानं. मला न विचारता किल्ली घेतली, काच सरकवली आणि नेमका काढला तो 'घड्याळजी'. म्हणजे काय, तर एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मिठाचा व्यापारी बनून, एक खेचर घेऊन ल्हासाला निघतो, त्याच्या प्रवासाचं पुस्तक. दोन भागांचं. माझ्याकडे पहिला भाग. मी ओरडलो, अगं, बांधणी सैल होईल. तर म्हणते कशी, "तुमच्या वडिलांची बांधणी सैल झालीय, तिचं बघा आधी."

आणि बाबा रमले की हो. भिंतीकडचं तोंड इकडे वळलं. घड्याळजीचं त्यांना विशेष काही नव्हतं, त्यांचा जीव जडला खेचरावर. ते खेचर महाखट. चढ आला की बसायचं, उतार आला की बसायचं, मिठाची पोती चाटायचं, लामा दिसला की त्याची टोपी ओढायचं. बाबा म्हणायचे, "बरोबर आहे त्याचं. कुणी विचारलं होतं त्याला ल्हासाला यायचंय का म्हणून?" असं करत करत पहिला भाग आला शेवटच्या पानावर. खाली नदी घोंघावतेय, वर दोरांचा पूल, पुलाच्या मध्यावर खेचर... आणि तिथं ते बसलं. पहिला भाग समाप्त.

"म्हणजे?" बाबा म्हणाले. "खेचराचं काय झालं?"

मी म्हटलं, ते दुसऱ्या भागात. "मग आण दुसरा भाग. खेचराचं काय झालं ते कळल्याशिवाय मी काही ऑपरेशनच्या टेबलावर चढत नाही." घ्या. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. कळल्यावर चढीन, असं म्हणाला होता म्हातारा. पहिल्यांदाच.

आता दुसरा भाग कुठं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तेच तर दुखणं. तो होता चष्मेवाल्याकडे. बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे, तो. तोही तिबेटचाच संग्राहक. एका रद्दीच्या दुकानात आम्हा दोघांचा हात एकाच वेळी त्या गठ्ठ्यावर पडला होता, माझ्या हाती पहिला भाग आला, त्याच्या हाती दुसरा. मी म्हटलं, मला विका. तो म्हणाला, तुम्हीच मला विका. तेव्हापासून बोलणं बंद. डोळ्यांना नंबर लागला तर मी दुसऱ्या गावी जाऊन चष्मा केला, पण त्याची पायरी चढलो नाही. वर्षानुवर्षं अर्धा घड्याळजी माझ्याकडे, अर्धा त्याच्याकडे, आणि दोघं आपले कपाटाला कुलूप लावून खूश. संग्राहक ना आम्ही, वाचक थोडेच?

पण बापासाठी गेलो हो. पायरी चढलो, नाक मुठीत धरलं, सगळं सांगितलं. त्यानं भिंगातून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुस्तक देणार नाही. पण घेऊन येईन. माझ्या हातातून सुटणार नाही ते."

आला. पांढरे हातमोजे घालून. बाबांच्या उशाशी खुर्चीत बसला, रेशमी रुमालातून पुस्तक काढलं, आणि मी पाहतो तर काय, पानं अखंड. म्हणजे तुम्हाला सांगतो, जुन्या काळी मोठा कागद घड्या घालून शिवायचे आणि कडा तशाच बंद ठेवायचे. वाचणाऱ्यानं सुरी घ्यायची, घडी कापायची आणि वाचायचं. माझ्या पहिल्या भागाच्या घड्या आधीच्या मालकानं कधीच कापलेल्या, पण ह्याच्या पुस्तकाची एकही घडी कापलेली नव्हती. इतक्या वर्षांत एकाही माणसानं ते वाचलं नव्हतं. असलं पुस्तक म्हणजे सोनं, आणि कापलं की मातीमोल. मला खोटं बोलवत नाही, बाबा तिकडे विव्हळत होते आणि मला त्या घड्यांचा हेवा वाटला.

"कापायचं नाही," चष्मेवाला म्हणाला. "जेवढं दिसतं तेवढं वाचा."

झालं, वाचन सुरू. दोन पानं दिसायची, दोन घडीत. दिसणाऱ्या पानांवर घड्याळजी दोर कसा वळतात ते सांगत बसलेला. बाबा म्हणाले, "सूनबाई, दोर राहू दे, खेचराचं बघ." मग आमची ही गुडघ्यांवर बसली, चष्मेवाल्यानं दुकानातली बारीक बॅटरी दिली आणि ही घडीच्या खालून आत डोकावून वाचायला लागली, मान वाकडी करून, एक डोळा मिटून. "खेचरानं कान मागे टाकले... मागून दुसरा तांडा आला... पूल हलायला लागला..."

"मग?" बाबा.

"मग दोर तुटायला लागला... आणि घड्याळजीनं पेटीत हात घालून..."

"हात घालून काय?"

"पुढचं पान दोन्हीकडून बंद आहे, बाबा. दिसत नाही."

बाबांनी हळूहळू तोंड भिंतीकडे वळवलं. आणि खरं सांगतो, माझा बाप माझ्या हातून गेला असं मला त्या क्षणी वाटलं. म्हटलं, कसला संग्राहक आणि कसलं काय. मी चष्मेवाल्यापुढं हात जोडणार, एवढ्यात तो खाकरला. हातमोजे काढले त्यानं. म्हणाला, "वहिनी, बोथट सुरी आहे का घरात?" सुरी आली. घेतली त्यानं, घडीत घातली, आणि तशीच परत बाहेर काढली. पुस्तक माझ्यापुढं धरलं. "तुम्ही कापा. माझ्याच्यानं होणार नाही."

अहो, वैऱ्यानं स्वतःचं काळीज काढून हातात द्यावं तसं. कापलं मी. सरळ, एका ओढीत, एक सूतही वाकडं न जाता. तो कर्र आवाज अजून कानात आहे.

घड्याळजीनं पेटीतून गजराचं घड्याळ काढलं होतं, किल्ली दिली होती आणि खेचराच्या शेपटीला बांधलं होतं. गजर झाला. खेचर उठलं ते थेट पैलतीरी, आणि शेपटीला लोंबकळत मागे घड्याळजी. बाबा हसले. किती दिवसांनी हसले ते. खुबा दुखतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि हसतायत. मी पण हसलो, मी पण रडलो, चष्मेवाला आपलाच चष्मा पुसत बसला. आणि बाबा म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. बसून राहून काही उपयोग नाही. पण मला भीती वाटते रे." म्हटलं, "मला पण वाटते बाबा." पुढचं सगळं शुद्धीवर आल्यावर वाचायचं असं ठरलं, आणि शुद्धीवर आल्या आल्या नर्सला पहिला प्रश्न, "ल्हासा आलं का?"

चालतायत आता. काठी घेऊन, पण चालतायत, आणि सरळ माझ्या कपाटाकडे. चष्मेवाला रोज संध्याकाळी दुकान बंद करून येतो, सोबत त्याची सगळी अखंड पुस्तकं आणि खिशात सुरी. कापतात, वाचतात, भांडतात. माझ्या काय आणि त्याच्या काय, संग्रहाला बाजारात आता कुत्रं विचारणार नाही. काल मला राहवेना. शेवटी घड्याळजी ल्हासाला पोचला की नाही, ते वाचलं तेव्हा मी औषधं आणायला गेलो होतो, माझं ऐकायचं राहूनच गेलंय. म्हटलं, बाबा, जरा तो दुसरा भाग द्या, मीही वाचतो. तर उशीखालून पुस्तक न काढताच म्हणाले, "चष्मेवाल्याचं दुसऱ्यांदा चाललंय, मग सूनबाई घेणार आहे. तू नंबर लाव."