वजा चाळीस

शेलूबाजारला भर उन्हात जऊळक्याच्या जीपची वाट पाहत नीलिमा सिस्टर प्रसेनजितच्या गॅरेजसमोर बाकड्यावर टेकली होती. पुढ्यात एक कार बॉनेट उघडून उभी होती आणि तिचे मालक नानाजी बायकोला, विजयमालाला, घरी परत चलायचा आग्रह करत होते. प्रसेनजितनं गाडीला बिघाडाचे कोड वाचायची मशीन जोडली.

"नानाजी, इंजिनचं टेम्परेचर वजा चाळीस दाखवून राह्यलं."

"म्हन्जे बर्फच! मंग आता नाई जात गाडी जऊळक्याले."

"अन् माह्या भावाच्या पोरीचं लगन?"

"इंजिनापुढं कोनाचं चालते?"

"थांबा काकू. सेन्सरचा प्लग निघाला का मशीन असाच आकडा दाखवते. हे पाहा, निघालेलाच हाय."

"उंदराचं काम असंन."

"उंदीर वायर कुरतडते, नानाजी. हे लॉक दाबूनच वढा लागते."

"आवो, सकायी बॉनेट उघडून काय करत होते तुमी?"

"पानी पाहून राह्यलो होतो."

"पानी?"

"मांगच्या लग्नात तुह्या भावानं मले फेटा बांधून डीजेपुढं नाचवलं. सारं गाव हासलं."

"भाऊ, बसव तो प्लग."

"बसवला काकू. कोडबी पुसला. आता इंजिन एकोणनव्वद, एकदम बराबर."

"चाबी आना इकडं. गाडी मीच चालवीन. अन् सिस्टर, तुमाले कुठं जायचं?"

"जऊळक्याले."

"मंग या, मांगं बसा यांच्याजवळ. रस्त्यात कुठंच उतरू देऊ नका."