कानबाईचा रोट आणि ताईची किडनी

मी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात भेस्तानहून धाकट्या भावाचा, दिलीपचा फोन आला. "ताई, तुझी किडनी मला जुळली!"

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला गोळी समजावली. "शरीरातल्या पहारेकरी पेशींना परकं काही दिसलं, की त्यांच्या आतलं एक प्रथिन त्यांना हल्ल्यासाठी जागं करतं. ही गोळी त्या प्रथिनाला अडवते. रोज घ्यायची."

"परकं कसं, साहेब? सख्ख्या बहिणीची किडनी आहे."

"पेशींना नातं कळत नाही."

श्रावणात माहेरी कानबाई देवी बसली. आमच्यात तिच्या नैवेद्याचे रोट फक्त घरच्यांनी खायचे. सासरी गेलेली लेक परकी. दिलीपने माझ्यापुढे तुकडा धरला, तशी आई ओरडली, "तिले नही चालस!"

"माय, तू अगदी त्या पेशींसारखी बोलतेस. हिची किडनी माझ्या पोटात बसून रोट खाते, आणि हिला चालत नाही?"

आईलाही हसू आलं. "दे मग," म्हणाली.

मीच संकोचले. "पुढच्या वर्षी खाईन."

पुढे त्या पेशी गोळीला बधेनाशा झाल्या. आधी किडनी गेली, मग दिलीप.

रोट मी अजून खाल्लेला नाही.