फ्रीजमधली जागा

अध्यक्ष गुरुशांतप्पा, व्यासपीठावर बसलेल्या सुमतीबाई, आज निवृत्त होत असलेले आपल्या दवाखान्याचे औषधवाले प्रभुलिंग अण्णा, आणि भर उन्हात जमलेले गावकरी, सर्वांना माझा नमस्कार.

तीस वर्षं औषधं सांभाळणं सोपं असतं का? अण्णांनी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. माझ्या मालकांनाही नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं, तेव्हा सगळ्या सुया अण्णांच्याच फ्रीजमधून मिळाल्या. फ्रीजमधून म्हणणं बरोबर नाही. मे महिना होता आणि लशीची पेटी खिडकीत, उन्हात होती. मी विचारलं, "अण्णा, ही बाहेर कामून?"

"अक्का, मोठे साहेब यायलेत उद्या. हार, पेढे आत हायत. बाटलीला काय ताप येतोय व्हय?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसले. तुम्हीही हसा, विनोद चांगला होता.

महिन्याभरानं मालक "पाणी, पाणी" करायचे आणि तांब्या दिसला की किंचाळायचे. चौघांनी त्यांना बाजेला बांधलं. तिसऱ्या दिवशी गेले. लशीमुळंच गेले असं मी म्हणत नाही. कुणी तपासलंच नाही.

मग मी वाचायला लागले. वाचनालयात एकदा डीएनए लशीबद्दल सापडलं. तिच्यात विषाणू नसतोच, त्याचा एक तुकडा बनवायची कृती असते. आपलं शरीर तो तुकडा स्वतः बनवतं आणि वैऱ्याला ओळखायला शिकतं. रेबीजच्या भावकीतले जे विषाणू वटवाघळांत असतात, त्यांच्यावरही ती चालावी म्हणून जनावरांवर प्रयोग झालेत. आणि ती उष्णता बरीच सोसते म्हणे. किती विद्वान माणसं राबतायत, अण्णा, तुमच्या हारांना जागा व्हावी म्हणून!

पण ती लस अजून आपल्या गावात आलेली नाही. माझ्या सुनेला, पल्लवीला, तीन दिवसांपूर्वी कुत्रं चावलं. पहिली सुई झाली. दुसरी आज आहे, हा कार्यक्रम उरकल्यावर. ती तिकडं दाराशी बसली आहे.

मला बोलू दिलंत, सर्वांचे आभार. उणंअधिक बोलले असेन तर न शिकलेली बाई म्हणून पोटात घाला.

अण्णा, मघाशी तुमच्या गळ्यात हार मीच घातला. हाताला गार लागला.

बाटल्या कुठं ठेवल्यात?