उपाशी परतलेला चौकशी अधिकारी

आता हसताय, पण तवा माझी नोकरीच जायची वेळ आलती. पंचायत समितीत मी नवाकोरा विस्तार अधिकारी. हातकणंगल्याकडच्या एका गावातनं तक्रार आली, की सरपंच चौकशीला येणाऱ्या प्रत्येक साहेबाला मटण घालून आपल्या बाजूला वळवतोय. मी ठरवलं, त्या गावात पाणीसुद्धा प्यायचं न्हाई.

सरपंचाच्या घरी गेलो, तर चुलीवर तांबडा रस्सा रटरटत होता. जबाब घेतला, हात जोडले आणि तक्रारदाराच्या घरी गेलो. तिथं तर तांबडा आणि पांढरा, दोन्ही तयार!

"अहो, तक्रार तुम्हीच केली न्हवं?"

"व्हय की! म्हणून तर आमच्यात जेवा सायेब, त्येच्यात नको."

तिथनंही उपाशीच उठलो.

आठ दिवसांनी माझ्याच नावानं तक्रार आली. 'अधिकारी न जेवता गेले, गावाची अब्रू गेली.' खाली सरपंच आणि तक्रारदार, दोघांच्या सह्या शेजारीशेजारी!

गटविकास अधिकाऱ्यांनी मला समोर उभं करून कागद दोनदा वाचला. मग उठून टोपी घातली.

"प्रकरण गंभीर हाय. चौकशीला मी स्वतः जातो. माझा डबा तेवढा तुम्ही खाऊन टाका."