कपाटाच्या दाराची आतली बाजू

हॅलो? … हां, बोल गं चिमणे! लेक कशी आहे? … प्लास्टर कधी काढणार? … बरं. तू नीट जेवतेस ना तिथे? … तुझी ताई मजेत. तू सांभाळायला दिलेलं घर जागेवर आहे. जागेवर म्हणजे… ओळखणार नाहीस आता!

अगं ऐक ना. सिंकखाली बाटल्या किती होत्या तुझ्या, मोजल्यास कधी? … नऊ! निळी, हिरवी, गुलाबी. नळाला वेगळी, काचेला वेगळी, फरशीला वेगळी. दवाखान्यातसुद्धा एवढ्या बाटल्या नसतात.

नाही, टाकल्या नाहीत. कोपऱ्यात उभ्या केल्यात, शिक्षा केल्यासारख्या. … मी काय वापरलं? खाण्याचा सोडा, एक पुडी. साधं व्हिनेगर, एक बाटली. आणि तू फेकून दिल्या असत्यास त्या लिंबाच्या साली. … हो, आणि तुझे दोन जुने अभ्रे फाडले फडक्यांना. … 'चांगले होते' काय! आरपार दिसत होतं त्यांतून.

नळाभोवतीचं ते पांढरं? गेलं. व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून गुंडाळून ठेवलं अर्धा तास. आता नळात बघून भांग पाड. काचा रद्दीच्या पेपरने. … सगळा खर्च म्हणशील तर बाहेरचा दोन कप चहा होतो ना, त्याच्या आत. … हसू नकोस, खरंच!

कोण येणार? … आज? … हो गं, रंगारी, माझ्या लक्षातच नव्हतं. मापं घ्यायला ना? येऊ दे की. … काय सांगू त्याला? … सगळं घर रंगवायचं, पण…

कुठलं दार?

… ओट्याखालच्या कपाटाचं. सिलेंडरच्या. … आतून. … हो, हो, ऐकू येतंय मला.

… आतल्या बाजूला ब्रश लावायचा नाही. बरं. सांगते.

… फोटो? आत्ता? … अगं, माझा चष्मा कुठे गेलाय कोण जाणे. … फोटोला कशाला म्हणजे? बटण दिसायला नको? … आणि तिथे अंधार असतो. … दिवा आहे, हो, पण… संध्याकाळी काढते ना. … लेकीला बघायचाय? शेजारीच बसलीय?

चिमणे, जरा दुसऱ्या खोलीत जातेस का? … नाही, मला काही झालं नाहीये. घरही ठीक आहे. सिलेंडरही ठीक आहे.

ते दार मी पुसलं.

… आतून. … हो. सोड्याने.

… सगळं.

हॅलो? … आहेस ना?

मला वाटलं, पेन्सिलीची गिचमिड आहे. सिलेंडर लावल्याच्या तारखा. तुझ्या यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली, आता कोणाला हव्यात त्या… नाही, नाही, तसं नाही म्हणायचं मला! अक्षर ओळखू आलं नाही गं, चष्मा नव्हता…

… हो. मघाशीही चष्माच म्हणाले.

… चष्मा डोळ्यांवरच आहे. तेव्हाही होता. थांब. मधे बोलू नकोस, एका दमात सांगू दे.

ओळखलं होतं. त्यांचं अक्षर कोण ओळखणार नाही? जन्मभर गोदामाच्या वह्या लिहिलेला माणूस. पाटावर बसून वाचलं मी सगळं, बारा वर्षांचं. 'वॉशर बदलला.' 'लेकीची परीक्षा, चहा जास्त.' मजा वाटत होती मला, तुझी शपथ. आणि मग मधेच ती ओळ. … तुला माहितीये कुठली.

'मेव्हणीबाईंचा मुक्काम. सिलेंडर अठराव्या दिवशी संपला!'

… हो, उद्गारचिन्हासकट.

लागलं गं मला. एका बर्नरची जळकी काडी दुसऱ्या बर्नरला लावणारी बाई मी. माझ्या नावावर अख्खा सिलेंडर! आणि सिलेंडर बदलायला येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायचं. म्हटलं, तेवढी एक ओळ पुसू. ओल्या फडक्यावर चिमूटभर सोडा घेतला… गेली. पण तिथे पांढराशुभ्र पट्टा उठला. दार उघडताक्षणी दिसला असता तुला. म्हणून वरची ओळ पुसली. मग खालची. मग पट्टा रुंद झाला म्हणून आणखी वरची… दार एकसारखं दिसेपर्यंत.

… सव्वा तास लागला. दाबून लिहायचे ते.

… काय? … नाही. हे नव्हतं मला माहीत.

… माझ्या गुडघ्यामुळे संपला? … हो, शेकायला पाणी तेच तापवायचे. दिवसातून तीनदा. बादली पलंगाशी आणून ठेवायचे. … हो. 'जरा आणखी कढत हवं' म्हणायचे मी. आठवतंय.

… तुम्ही दोघं हसायचात त्या ओळीला. … मला दाखवणार होते? पुढच्या खेपेला?

… आलेच नाही ना मी. ते असताना नाहीच आले पुन्हा.

… रड तू. मी आहे फोनवर.

… नको, 'चांगल्या मनाने केलंस' असं म्हणू नकोस. ऐकवत नाही. बाकीचं घर तरी कुठे तुझ्यासाठी घासलं? तू दारातून आत यावंस नि म्हणावंस, ताईच्या हाताला काय लख्ख निघतं सगळं, माझ्याच्याने होत नाही. त्यासाठी. एवढ्या वयात, चिमणे. एवढ्याशासाठी.

… काही उरलंय का? बघते. धर. … खाली बसते जरा. … दिवा लावलाय. … नाही. … इकडेही नाही. … थांब! बिजागरीमागे, फडकं जात नव्हतं तिथे, एक आकडा आहे. अर्धाच. … पाच असेल. किंवा चार. शेपूट पुसलं गेलंय.

… नाही लावत. … फडकं काय, बोटसुद्धा नाही लावत.

… रंगाऱ्याला आल्या पावली परत पाठवते. … बरं, पुन्हा कधी यायचं ते तूच कळव त्याला.

… उद्या? उद्याच येतेस? अगं, लेकीजवळ कोण… हां, जावई आहेत. दुपारपर्यंत पोचशील म्हणजे. मी स्वयंपाक करून ठेवते. गरमगरम जेव, मग दोघी मिळून…

…

बरं.

… नाही गं, राग कसला? मला कळतं. … पहिल्याच गाडीने निघते. तू येशील तेव्हा मी नसेन. … नको, सोडायला कोणाला सांगू नकोस, एकच तर पिशवी आहे.

किल्ली कोणाकडे देऊ? … समोरच्या मास्तरांकडे. बरं. … विचारलं तर काय सांगू त्यांना? … काहीच नको. बरं.

… हो, गॅस बंद करून जाते. … खालून. कपाट… कपाट उघडावं लागेल एकदा. … हळू उघडते.

ठेवते.